इंग्रजीतलं 'रन' कसं ओळखायचं
'रन' म्हणजे पळणे एवढंच धरून बसलात तर फसाल, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत, त्यामुळे पाठ करायच्या भानगडीत पडूच नका. आधी बघा पळतंय कोण. नाक असेल तर गळतंय, नळ असेल तर वाहतोय, मशीन असेल तर चालू आहे, आणि कुणी कंपनी 'रन' करत असेल तर तो ती चालवतोय, घेऊन पळत नाहीये (मी एकदा पळण्याचाच अर्थ लावला होता). मग मागचा छोटा शब्द बघा, खरी गंमत तिथेच: 'रन आउट' झालं की पेट्रोल संपलं, 'रन इनटू' म्हणजे कुणीतरी अचानक भेटलं नाहीतर गाडी धडकली, 'रन ओव्हर' म्हणजे चाकाखाली आलं किंवा मीटिंग लांबली. आणि हो, अमेरिकेत निवडणुकीला 'रन' करतात, ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखेच उभे राहतात.