पोटॅशच्या गोणीत पोटॅशियम धातू नसतो : रासायनिक बंध शिकताना या चुका टाळा

रावेर-यावलकडची निम्मी पोरं केळीच्या बागेतून शाळेत येतात. दहावीच्या वर्गात मी त्यांना आधी एकच प्रश्न विचारतो. पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकला की पेट घेतो. मग ड्रिपच्या टाकीत पोटॅश विरघळवताना टाकी का पेटत नाही?

मूलद्रव्य आणि त्याचा आयन (इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभारित झालेला अणू) एकच समजणं, ही सगळ्यात मोठी चूक. गोणीत असतं पोटॅशियम क्लोराईड. पोटॅशियमनं बाहेरच्या कवचातला एकुलता एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला केव्हाच देऊन टाकलेला असतो. पाण्याला द्यायला काही उरलेलंच नसतं, मग आग कशाची लागणार?

पण इथेच दुसरी गफलत होते. इलेक्ट्रॉन उरले १८, अरगॉनचेही १८, म्हणून ‘पोटॅशियमचा अरगॉन झाला’ असं मुलं लिहितात. केंद्रकात प्रोटॉन १९च आहेत, आणि मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनवरून ठरते. आवर्तसारणीचा क्रमही त्यावरच. अरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५, पोटॅशियमचं ३९.१०; वस्तुमानानं रांग लावली तर पोटॅशियम राजवायूंमध्ये, म्हणजे अरगॉनसारख्या निष्क्रिय वायूंमध्ये, जाऊन बसेल! १९१३ मध्ये शास्त्रज्ञ मोस्ले यांनी अणुअंकाचं, म्हणजे प्रोटॉनच्या संख्येचं, महत्त्व दाखवून दिल्यावर असे घोळ मिटले.

‘युरिया मिठासारखा विरघळतो, म्हणजे तोही आयनिक (आयनांचा बनलेला)’ हे तर शेतकऱ्यांचीच मुलं हमखास म्हणतात. विरघळणं हा पुरावा नव्हे. घरी ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारं यंत्र) असेल तर करून बघा; पाण्यात वीज वाहून नेतात ते आयनच. आधी नुसत्या पाण्याचं रीडिंग लिहून ठेवा, कारण बोअरच्या पाण्यात क्षार असतातच. मग एका ग्लासात चिमूटभर पोटॅश, दुसऱ्यात तेवढाच युरिया. पोटॅशनं आकडा झपकन चढेल, युरियानं जवळपास हलणार नाही. युरियातले अणू इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात, त्यामुळे पाण्यात आयन सुटत नाहीत. युरियाचाही आकडा चढला, तर ग्लास नीट धुतला होता का ते पाहा आणि द्रावण ताजंच घ्या. शिळ्या द्रावणात अमोनिया तयार होऊ शकतो.

‘दोन्ही अधातू म्हणजे सहसंयुज (इलेक्ट्रॉनच्या भागीदारीचा) बंध’ हा नियमही डोळे मिटून लावू नका. अमोनियम सल्फेटमध्ये एकही धातू नाही, तरी ते आयनिकच.

संयुजा (अणू किती बंध करतो ती संख्या) आणि संयुजा इलेक्ट्रॉन (बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन) यांत घोळ घालू नका : क्लोरीनचे असे इलेक्ट्रॉन सात, संयुजा मात्र एक, कारण बाहेरच्या कवचातलं आठांचं अष्टक पुरं व्हायला एकच कमी पडतो. पोटॅशियम क्लोराईडचा ‘रेणू’ही काढू नका, त्याच्या स्फटिकात प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा आयन असतात.

आणि अणूचा आकार. ‘इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू मोठा’ हे आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, उलटं पडतं. लिथियमची त्रिज्या सुमारे १५२ पिकोमीटर, फ्लोरीनची जेमतेम ६४. कवच तेच राहतं, केंद्रकाची ओढ मात्र वाढत जाते.