रानातल्या तेरड्याचं बी कसं धरावं, कसं पेरावं

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी. झाड मात्र श्रावणापासून पाऊस सरेपर्यंत फुलत राहतं आणि मग वाळून जातं. सह्याद्रीच्या उतारांवर दरवर्षी दिसणारा गुलाबी-जांभळा तेरडा दर पावसाळ्यात बियांतूनच नव्याने उगवतो. त्यामुळे कुंडीत हवा असेल तर रोप उपटू नका, बी धरा. कास पठारासारख्या राखीव जागी तेवढंही नको. बांधावरची चार-पाच बोंडं पुरतात.

खरी मेख बी धरण्यातच आहे. बोंड लवदार, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं असतं. टणक हिरवं असेल तर राहू द्या, आतलं बी पांढरं आणि निरुपयोगी निघेल. हिरवा रंग उतरून पिवळट झाक आली की बोंड तयार. आता बोट लावलंत की संपलं! पाचही फोडी क्षणात आत गुंडाळतात आणि बी चहूकडे उडतं. म्हणून आधी बोंडाभोवती अख्खी मूठ मिटा आणि मगच दाबा. तळहातावर वळवळणाऱ्या फोडी आणि तपकिरी गोल दाणे उरतील. ते आठवडाभर सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

पेरणी मृगाच्या पावसावर करा. दोन भाग माती, एक भाग शेणखत, मूठभर वाळू. बियांवर मातीचा पातळ थर पुरे. आठ-दहा दिवसांत उगवतं. चार पानं झाली की वीतभर अंतर ठेवून विरळणी करा.

दुपारच्या उन्हात झाड मान टाकतं. घाबरून पाणी ओतू नका, संध्याकाळी ते आपोआप सावरतं. खोड पाणीदार असल्याने जास्त पाण्याने बुडाशी सडतं. शेपटाशी काटा असलेल्या जाड अळ्या दिसल्या तर हाताने वेचा, औषध लागत नाही.

साधारण दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे गौरींच्या सुमारास. फूल उलटं करून पाहा: मागे बारीक वाकडी शेपटी असते, तिच्यात मध. दुहेरी पाकळ्यांच्या तेरड्यात ती झाकली जाते, म्हणून मला एकेरीच आवडतो.

शेवटची दोन-चार बोंडं झाडावरच फुटू द्या. पुढच्या जूनमध्ये शेजारच्या कुंडीत किंवा फरशीच्या फटीत तेरडा उगवलेला दिसेल.