विजेवर चालणारे टेबल-फुटबॉल: पत्रा, बैठका आणि गडी जुळवताना

बटण दाबताच मैदान म्हणून मांडलेला पत्रा घरघरू लागतो, बावीस गडी थरथरत निघतात, त्यांतले दहा-बारा मैदानाच्या एका कोपऱ्यात जमून एकमेकांभोवती फुगडी घालतात आणि चेंडू घेतलेला गडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्याच गोलरेषेकडे चालू लागतो. विजेवर चालणारे टेबल-फुटबॉल पहिल्यांदा खेळणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असाच असतो, आणि नाताळात भेट मिळालेला हा खेळ अमेरिकेतल्या कित्येक घरांत नवे वर्ष उजाडण्याआधीच माळ्यावर गेला तोही याच कारणाने. तबला सुरात लावल्याशिवाय कोणी मैफलीला बसत नाही. त्याचप्रमाणे या खेळातल्या गड्यांच्या बैठका, म्हणजे गडी ज्यांवर उभे असतात ते प्लॅस्टिकचे तळ, जुळवून घेतल्याशिवाय सामना खेळता येत नाही, ही गोष्ट त्या मुलांना कोणी नीट समजावून सांगितलेली नव्हती. आज ज्यांनी हा छंद मन लावून जोपासला आहे त्यांचा बराचसा वेळ या जुळवाजुळवीतच जातो, म्हणून या लेखातही सर्वाधिक जागा तिलाच दिली आहे.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट असतो, एका बाजूला अकरा गडी असतात आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न्यूयॉर्कच्या टुडॉर मेटल प्रॉडक्ट्स या कंपनीचे नॉर्मन सास यांनी थरथरत्या पत्र्यावर धावणाऱ्या शर्यतीच्या खेळण्यावरून ही कल्पना उचलली आणि १९४९ च्या सुमारास विजेवरचे फुटबॉल बाजारात आणले. सुरुवातीचे गडी अगदीच साधे होते. १९६७ पासून राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या परवान्याने खऱ्या संघांच्या पोशाखातले प्लॅस्टिकचे रेखीव गडी मिळू लागले आणि खेळाला खरा रंग चढला. त्या गड्यांच्या घडणीचे श्रेय ली पेन या रचनाकाराकडे जाते. टुडॉर हे नाव आजही बाजारात आहे, त्यामुळे नवा संच विकत घेता येतो. मात्र जुना पत्रा स्वस्तात मिळत असेल तर तोही सोडू नये.

खेळाची यंत्रणा पाहून आश्चर्य वाटावे इतकी ती सोपी आहे. मैदानाच्या पत्र्याखाली एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. घरातला प्रत्यावर्ती प्रवाह त्यातून गेला की तो प्रत्येक आवर्तनात दोनदा पत्र्याला ओढतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे पत्रा सेकंदाला १२० वेळा थरथरतो. गडी ज्या बैठकीवर उभा असतो तिच्या खाली मागच्या दिशेने कललेले प्लॅस्टिकचे बारीक पाय असतात. प्रत्येक थरथरीत बैठक किंचित उचलली जाते, आणि पाय तिरके असल्यामुळे खाली टेकताना ती केसभर पुढे सरकते. आवाज बंद करून टेबलावर ठेवलेला मोबाइल वाजू लागला की हळूहळू कडेकडे सरकतो, तसलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे सरकण्याची दिशा आपण ठरवू शकतो.

भारतात हा पत्रा आणणाऱ्यांनी विजेच्या बाबतीत आधीच सावध व्हावे. अमेरिकेतला जुना पत्रा ११० ते १२० व्होल्टसाठी केलेला असतो, त्यामुळे तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट घातला तर चुंबकाची गुंडाळी जळते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये लावणे अत्यावश्यक आहे, आणि पिनांचा आकार बदलून देणारा साधा अडॅप्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे. ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपली ५० हर्ट्झची आवर्तने तशीच राहतात. पत्रा सेकंदाला शंभरदाच थरथरतो, चाल थोडी बदलते आणि गुंडाळीतून जास्त प्रवाह वाहत असल्यामुळे ती अधिक तापते. सामन्यातली प्रत्येक चाल काही सेकंदांचीच असते, म्हणून प्रत्यक्ष खेळात फारशी अडचण येत नाही. बैठका तपासताना मात्र पत्रा सलग चालू ठेवू नये. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या संचाची वायर कडक होऊन तडकलेली असेल तर ती आधी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावी.

पत्रा मांडणे

पत्रा डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवला की पुढची सगळी मेहनत वाया जाते. जड आणि सपाट टेबल घ्यावे, मैदानाच्या लांबीत व रुंदीत दोन्हीकडे पाणसळ ठेवून पाहावी आणि जो कोपरा खाली असेल त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा. त्यानंतर जुळवलेली एक बैठक मैदानाच्या वेगवेगळ्या भागांत सोडावी. बहुतेक पत्र्यांवर एखादी जागा सुस्त असते, तेथे बैठक रेंगाळते. एखादी जागा इतकी उतावळी असते की बैठक नुसती जागच्या जागी नाचते. पत्र्याला थरथर कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. तो एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये आणि प्रत्येक वेळी पुन्हा बैठक सोडून पाहावी. आवाज मोठा झाला म्हणजे चाल चांगली झाली, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात खडखडाट वाढला की बैठकांचे पाय पत्र्यावर नीट टेकतच नाहीत. खडखडाट कडेच्या चौकटीतून येत असेल तर पत्रा आणि चौकट यांच्या फटीत आतून चिकटपट्टी लावावी. पत्रा कोरड्या सुती कापडाने पुसावा. तेलकट बोटांचे ठसे बैठकीला कसे अडवतात, हे भजी खात खेळलेल्या एका सामन्यात मी शिकलो.

मैदान सजवण्याची हौस असणारे लोक छापील कापड किंवा व्हिनाइल पत्र्यावर ताणून बसवतात. ते दिसायला देखणे असते, पण आच्छादन जाड असेल तर थरथर गिळून टाकते, म्हणून मिळेल तितके पातळ घ्यावे आणि ते बसवल्यानंतर स्क्रू नव्याने लावावा.

बैठका जुळवणे

सुरुवात काचेच्या तुकड्यापासून करावी. गडी काढून ठेवावा, रिकामी बैठक काचेवर ठेवावी आणि बोटाच्या टोकाने तिचा प्रत्येक कोपरा हलकेच दाबून पाहावा. ती लंगड्या पाटासारखी डुगडुगत असेल तर एखादा पाय आखूड पडतो आहे किंवा जास्त वाकलेला आहे, असे समजावे. मग काच डोळ्यांच्या पातळीवर उचलून उजेडाकडे धरावी. कोणत्या पायाखालून उजेड दिसतो ते चटकन कळते. तो पाय चपट्या तोंडाच्या चिमट्यात धरून अगदी सावकाश खाली ओढावा. येथे घाई करणाऱ्याचा पाय तुटतो, आणि तुटलेला पाय पुन्हा जोडता येत नाही.

चारही पाय टेकू लागले की बैठक पत्र्यावर आणावी. मैदानातली यार्डांची एक रेषा ही प्रारंभरेषा धरून बैठक तिला काटकोनात ठेवावी, पत्रा सुरू करावा आणि ती किती यार्डांनंतर किती डावी-उजवीकडे गेली ते वहीत लिहावे. एका खेपेवरून काहीच ठरवू नये. पाच-सहा खेपा घ्याव्या, म्हणजे बैठकीची खरी खोड कळते. वळण्याचे कारण होडीसारखे आहे. उजवीकडचे पाय जास्त जोर लावत असतील तर बैठक डावीकडे वळते, डावीकडचे लावत असतील तर उजवीकडे. दुबळ्या बाजूचा पाय थोडा अधिक कलता करावा किंवा जोरदार बाजूचा थोडा सरळ करावा, आणि पुन्हा सोडून पाहावे. काही बैठकांच्या पोटात फिरती चकती असते. तिने दिशा ठरवणे सोपे जाते, पण पाय वाकडे असतील तर चकती कितीही फिरवून उपयोग होत नाही. आधी पाय, मग चकती हा क्रम मोडू नये.

प्लॅस्टिक ताठर असेल तर ते गरम पाण्यात मऊ करून वाकवता येते, पण पाणी हाताला चटका बसेल इतपतच गरम असावे. मी पहिल्यांदा अकराही बैठका पातेल्यातल्या उकळत्या आधणात एकदम सोडल्या होत्या. बाहेर आल्या त्या उन्हात वाळलेल्या पापडासारख्या वाकड्या होऊन. आता मी एकच बैठक चिमट्यात धरून तिचे फक्त पाय काही क्षण पाण्यात बुडवतो, हवे तसे वाकवतो आणि लगेच गार पाण्यात धरतो. स्पर्धा खेळायची असेल तर पाय कापणे, घासणे किंवा त्यांना रसायन लावणे कितपत चालते ते आधी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक लीगचा नियम वेगळा असतो.

सगळ्या बैठका सरळ चालल्या म्हणजे संघ तयार झाला, असे मात्र नाही. आघाडीच्या फळीतल्या गड्याला वेगापेक्षा रेट्याची गरज असते. दोन बैठका समोरासमोर नाकाला नाक लावून सोडाव्या; जी दुसरीला मागे ढकलते ती फळीसाठी बाजूला ठेवावी. जी सर्वांत वेगवान आणि सरळ असेल ती चेंडू घेऊन पळणाऱ्याला द्यावी. वेग मोजण्यासाठी मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरेसे आहे. ठराविक कोनात वळणाऱ्या बैठका फेकून देऊ नयेत, उलट त्याच सर्वांत मौल्यवान असतात. उजव्या बगलेवरून पळण्याची चाल रचायची असेल तर पळणाऱ्याच्या पुढे उजवीकडे वळणारे दोन गडी लागतात. ते वाट मोकळी करत वळतात आणि त्यांच्या आडोशाने मागचा गडी बाहेर पडतो. माझ्या वहीत प्रत्येक बैठकीला क्रमांक आहे, आणि क्रमांकापुढे ‘सरळ, मंद, रेटा चांगला’ किंवा ‘दहा यार्डांनंतर उजवीकडे’ अशा नोंदी आहेत. ही वही नसेल तर सामन्याच्या दिवशी सगळ्या बैठका सारख्याच दिसतात.

गडी रंगवणे

गड्यांवर साच्यातला तेलकट थर असतो, त्यामुळे साबणाच्या कोमट पाण्यात त्यांना जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण वाळवावे. त्यावर प्रायमरचा पातळ थर आणि नंतर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ थर द्यावेत. एकच जाड थर दिला तर जर्सीच्या चुण्या आणि चेहऱ्याची ठेवण बुजून जाते. आधी त्वचा, मग विजार, मग जर्सी आणि शेवटी शिरस्त्राण, असा आतून बाहेर येणारा क्रम सोयीचा पडतो. शिरस्त्राणावरचा पट्टा हाताने ओढण्यापेक्षा चिकटपट्टीच्या दोन बारीक कापांमध्ये रंगवावा. पाठीवरचे आकडे पाण्यात भिजवून सरकवण्याच्या डेकलच्या कागदावर छापून घेता येतात. ते बसले की त्यांवर वार्निशचा हलका हात फिरवावा. मुखजाळीसाठी तांब्याची बारीक तार वाकवून लावणारेही आहेत, पण त्यासाठी भिंग आणि पुष्कळ संयम हवा.

एवढे सगळे करताना वजन वाढते, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. अनेक स्पर्धांत गडी आणि बैठक मिळून चार ग्रॅमची मर्यादा असते, म्हणून सोनाराकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा जवळ ठेवावा. रंगवलेला गडी बैठकीवर चढवला की तिची चाल बदलते, त्यामुळे शेवटची जुळवणी नेहमी गड्यासकट करावी. पुढे झुकलेल्या गड्याचा भार पुढच्या पायांवर येतो. तो बैठकीवर किंचित मागे सरकवून बसवला तर चाल सुधारते.

सामना

आक्रमक बाजू आपले अकरा गडी आधी मांडते, त्यांतले किमान सात, चाल जेथून सुरू होते त्या रेषेवर असावे लागतात. त्यानंतर बचाव करणारा आपले मांडतो. मांडणीला वेळेची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी, नाहीतर एकेका चालीला चहाचे दोन कप संपतात. फेल्टचा किंवा फोमचा इवलासा चेंडू पळणाऱ्याच्या काखेत खोचून बटण दाबायचे आणि बचावातल्या गड्याची बैठक त्याच्या बैठकीला लागली की थांबवायचे. केवळ समोरून लागलेला स्पर्श धरायचा की कुठूनही लागलेला, हे खेळण्याआधी बोलून घ्यावे. भांडणे बहुधा याच मुद्द्यावरून होतात. चेंडू फेकायचा असेल तर पत्रा थांबवून फेकणारा खास गडी ठेवतात आणि त्याचा स्प्रिंगचा हात सोडून चेंडू झेलणाऱ्या गड्यावर मारतात. ही फेक साधायला फार सराव लागतो, म्हणून कित्येक छंदी लोक झेलणाऱ्याच्या बैठकीला पट्टीने नेम धरण्याची पद्धत वापरतात. नवख्याने पहिले काही सामने केवळ पळण्याच्या चालींवर खेळावेत.

सामना संपला की गडी बैठकांवरून उतरवून ठेवावेत. बैठका पायांवर उभ्या राहिल्या आणि त्यांवर काही दडपले गेले की आठवड्याभरात पाय बसतात आणि वहीतल्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतात. मी त्या औषधाच्या गोळ्यांसाठी मिळणाऱ्या कप्प्यांच्या डबीत पाय वर करून ठेवतो, झाकणावर क्रमांक लिहितो आणि डबी उन्हापासून दूर कपाटात ठेवतो.