गॅरेजमधून आलेली गाडी आणखी बिघडली तर

दुरुस्तीनंतर गाडीत नवीनच त्रास सुरू झाला, तर आधी बिल काढून बघा की नेमक्या कोणत्या भागाला हात लागला होता. बहुतेक वेळा दोष तिथेच किंवा त्याच्या शेजारी सापडतो. एअर फिल्टर बदलल्यावर इंजिन थरथरत असेल, तर फिल्टरच्या डब्याची क्लिप, जवळचा रबरी पाइप आणि सेन्सरचा प्लग नीट बसलेत का ते पाहा. यातलं एक जरी सैल राहिलं तरी हवेचं मोजमाप चुकतं आणि इंजिन अडखळतं. बॅटरी काढून जोडली असेल तर काही गाड्यांचं आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) थोडा वेळ अस्थिर राहतं, त्याला घाबरू नका.

ब्रेकचं पेडल मऊ लागतंय, तेलाचा लाल दिवा पेटलाय किंवा तापमानाचा काटा वर चढतोय? मग गाडी अजिबात चालवू नका, टो करूनच न्या.

बाकी तक्रारींसाठी आवाजाचा व्हिडिओ काढा, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा आणि लगेच त्याच गॅरेजला लेखी कळवा. मध्येच दुसऱ्या मेकॅनिककडून काही उघडून घेतलं, तर जबाबदारी कुणाची हा वाद मिटणं अवघड होतं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसण्याआधी त्याचा फोटो मागा. आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी माराच, तोंडी वर्णनापेक्षा त्याने स्वतः ऐकलेला आवाज जास्त उपयोगी पडतो.