आपल्या भागातल्या सुपरमार्केट चेनचा इतिहास कसा काढायचा

सगळ्यात आधी दुकान सहकारी आहे की कंपनीचं ते बघा, पुढची सगळी शोधाशोध त्यावर ठरते. त्यासाठी घरातलं एखादं बिल पुरतं. कंपनी असेल तर बिलावर सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, असा लांबलचक नंबर असतो, त्यात मधे राज्याची दोन अक्षरं आणि त्याला चिकटून कंपनी नोंदल्याचं वर्ष. डीमार्टचं घ्या, नाव अव्हेन्यू सुपरमार्ट्स, नंबरात एमएच आणि पुढे 2000, पण पवईचं पहिलं दुकान उघडलं 2002 ला! लोक दोन्ही वर्षं "स्थापना" म्हणून ठोकून देतात. म्हणून वहीत नोंदणी, पहिलं दुकान आणि बोर्डावरचं नाव कधीपासून असे तीन कॉलम वेगळे आखा, नाहीतर घोळ ठरलेला.

कंपनी शेअर बाजारात आलेली असेल तर अर्धं काम झालंच समजा, कारण प्रॉस्पेक्टस, म्हणजे शेअर विकायला काढताना कंपनीने दिलेलं माहितीपत्रक, सेबी या शेअर बाजार नियामकाच्या साइटवर फुकट मिळतं. डीमार्टचं 2017 चं आहे, चांगलं जाडजूड, पण सगळं वाचत बसू नका, कंपनीचा इतिहास, प्रवर्तक आणि कोर्टकचेऱ्या एवढी प्रकरणं बास. कोर्टकचेऱ्या तर सोडूच नका, जाहिरातीत जे कधी येत नाही ते तिथेच सापडतं.

सहकारी संस्थेचं काम जरा चिकाटीचं. अपना बाजार 1948 साली मुंबईतल्या नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत सुरू झालं, आता असल्या संस्थेचा इतिहास नेटवर चार ओळींचा मिळतो, खरा माल वार्षिक अहवालात आणि महोत्सवी स्मरणिकांमध्ये असतो. ओळखीतला कोणी सभासद गाठा, महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम 32 नुसार सभासदाला ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघता येतात. स्मरणिकेतले मंत्र्यांचे शुभेच्छा संदेश खुशाल उलटा, मागच्या जाहिराती मात्र नीट बघा, त्यावेळी माल कोण पुरवत होतं ते कळतं.

आजूबाजूचा काळही तपासा. 1962 च्या चीन युद्धानंतर सरकारने सहकारी ग्राहक भांडारांना जोर दिला, 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं, महागाई होतीच, आणि मुंबईत "सहकारी भांडार" नावाची चेन आली 1968 ला, हे सगळं आपोआप झालेलं नाही.

आणि माणसं कुठून कुठे गेली ते शोधा, मला विचाराल तर खरी मजा यातच आहे. डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी डीमार्टच्या आधी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली होती, ते मॉडेल काही त्यांना पटलं नाही. दोन चेनचे इतिहास असे एकमेकांत अडकलेले असतात आणि एकाच चेनची कागदपत्रं घेऊन बसलं तर हे हाताला लागत नाही.

रिटायर झालेल्या काउंटरवाल्या काकांना भेटाल तेव्हा "दुकान कधी उघडलं" विचारू नका, तारखा त्यांच्या हमखास चुकतात. दिवाळीच्या आधी पामतेल यायचं का, रांग कुठपर्यंत जायची, उधारी कोणाला मिळायची असं विचारा आणि ते जे सांगतील ते त्या त्या वर्षीच्या अहवालाशी ताडून बघा.