अगाशीवरची स्पिरुलिना: निळा रंग आणि कार्बन या दोन्हींत होणाऱ्या चुका टाळा

रावपुऱ्यात आमच्या अगाशीवर स्पिरुलिनाची, म्हणजे वाळवून खाल्ल्या जाणाऱ्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाची, दहा चौरस मीटरची टाकी आहे. (बडोद्यात इतकी वर्षं काढल्यावर गच्चीला गच्ची म्हणवत नाही.) बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "म्हणजे तुम्ही हवेतला कार्बन पकडता ना?" पहिली चूक तिथेच.

हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. स्पिरुलिनाचं पोट मुख्यतः पाण्यातल्या खायच्या सोड्यावर भरतं. नेहमीच्या झारूक माध्यमात (स्पिरुलिना वाढवायच्या ठरावीक पोषक द्रावणात) तो लिटरमागे १६.८ ग्रॅम असतो. सोडा विकतच आणून ओतत राहिलात, तर हवेचं त्यात फारसं काही कमी होत नाही. हिशेबही बघा: एक किलो सुक्या शेवाळात साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड जिरतो. टाकीने दिवसाला ८० ग्रॅम माल दिला, तर १४४ ग्रॅम वायू. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो निघतो. स्कूटरचा एक लिटर फेडायला सोळा दिवस!

मग कुणी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणतं आणि नळी पाण्यात सोडून खाली जातं. वीतभर खोल टाकीत मोठा बुडबुडा क्षणात वर येऊन उडून जातो, आणि जो वायू विरघळतो तो पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क ते सांगणारा आकडा) धाडकन खाली आणतो. शेवाळ सोडा खातं तसा पीएच चढतो. म्हणून मीटरकडे बघूनच वायू द्यायचा. १०.५ च्या वर गेला की सुरू, ९.५ ला आला की बंद. माशांच्या टाकीतला एअर स्टोन लावला तर बुडबुडे बारीक होतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र रंगाची. "उपाशी ठेवा, रंग येतो" हे कुठेतरी वाचलेलं असतं. हिमॅटोकोकस आणि ड्युनालिएला ही वेगळी शेवाळं; पहिल्याच्या लाल अ‍ॅस्टाझॅन्थिन रंगाला, दुसऱ्याच्या नारिंगी बीटा कॅरोटीनला ते लागू आहे. स्पिरुलिनाचं निळं फायकोसायनिन हे प्रथिन आहे, म्हणजे तिची नायट्रोजनची पुंजी. पाण्यातलं नायट्रेट (नायट्रोजनचं खत) संपलं की ती आधी हीच पुंजी मोडून खाते. टाकी पिवळट दिसू लागली, तर आधी खत तपासा.

मेमधल्या बडोद्याच्या उन्हात नवी, पातळ लागवड उघडी ठेवू नका. ती पांढरी पडते. पहिला आठवडा ग्रीन नेट. पाणी चाळिशीकडे निघालं तर दुपारीही नेट हवंच.

आणि वाळवण! पापड-कुरडयांची सवय असलेले आपण माल सरळ उन्हात पसरतो. फायकोसायनिनला प्रकाश आणि ४५ अंशांपुढची उष्णता दोन्ही सोसत नाहीत. सावलीत, पातळ शेवया पाडून, पंख्याखाली वाळवा. जमलं की नाही ते घरीच कळतं: चिमूटभर भुकटी पेलाभर पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरचं पाणी निळं, आणि उजेडात तिरकं धरल्यावर तांबूस चमकणारं हवं. नुसतं हिरवट-पिवळं निघालं, तर रंग वाळवतानाच गेला.