कॅम्पर व्हॅनच्या टपावर पंखा बसवताना या चुका टाळा

विदर्भात कॅम्पर व्हॅन तयार करून घेणारे बहुतेक जण टपावरच्या पंख्याचा विचार एप्रिलमध्ये करतात, नवतपा लागण्याआधी तो घाईघाईने बसवून घेतात, आणि कामात कुठे कसर राहिली हे त्यांना मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत कळते. पंखा स्वतः सहसा दगा देत नाही. दगा देते ते त्याच्या भोवतीचे काम, म्हणजे हवेची वाट, कापलेल्या पत्र्याची कड, सीलंट (फटी बुजवणारा लुकणासारखा पदार्थ) आणि वायरिंग. या चारही गोष्टी झाकण बसल्यावर नजरेआड होतात, म्हणून त्या आधीच नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

हवा आत कुठून येणार, हे आधी ठरवा

सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी की पंखा कुठे बसवायचा याचा खूप विचार होतो आणि बाहेरची हवा आत कुठून येईल याचा मुळीच होत नाही. कूलर लावून खोलीची समोरची खिडकी बंद ठेवली तर खोली गार होण्याऐवजी नुसती दमट होते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. टपावरच्या पंख्याला तोच नियम उलट्या बाजूने लागू पडतो. आत हवा यायला वाट नसेल तर पंखा कितीही वेगाने फिरला तरी हवा हलत नाही.

हिशेब सोपा आहे. या पंख्यांचे प्रचलित माप १४ इंच बाय १४ इंच, म्हणजे भोकाचे क्षेत्रफळ १९६ चौरस इंच. आत येणाऱ्या हवेची वाट निदान तेवढी असली पाहिजे. बारा इंच उंचीच्या खिडकीची काच दोन इंच सरकवली तर २४ चौरस इंच मिळतात, म्हणजे गरजेच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतके, आणि त्यावर डासांची जाळी असेल तर त्याहूनही कमी. चांगल्या प्रतीचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे ९०० घनफूट हवा बाहेर टाकू शकतो, पण ते आकडे मोकळ्या तोंडाचे असतात. बंद गाडीत त्यातले फारच थोडे पदरात पडते.

जागेचेही तसेच. पंख्याच्या अगदी खाली असलेली खिडकी उघडली तर हवा खिडकीतून आत येते, सरळ वर चढते आणि निघून जाते, आणि बिछान्यावर झोपलेल्या माणसाला झुळूकही लागत नाही. पंखा मागच्या बाजूला असेल तर हवा पुढच्या, शक्यतो सावलीकडच्या, खिडकीतून घ्यावी, म्हणजे ती गाडीच्या पूर्ण लांबीतून फिरेल.

या पंख्याकडून अपेक्षा काय ठेवायची, हेही स्पष्ट असावे. उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच वर जाते आणि पंखा ते बाहेरच्या तापमानाच्या जवळ आणून ठेवतो. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे दुपारी बाहेरच ४५ अंश असतील, तर कोणताही पंखा गाडीत ३५ अंश करू शकणार नाही. त्याचे खरे काम सूर्य मावळल्यावर सुरू होते, कारण तेव्हा बाहेरची हवा उतरू लागते आणि गाडीचा पत्रा मात्र तापलेलाच असतो. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत खिडकीला बारा व्होल्टचा छोटा कूलर लावून टपावरच्या पंख्याने हवा बाहेर काढली, तर ही जोडी फार चांगली चालते. जुलैत हवाच दमट झाल्यावर कूलर बंद करून नुसता पंखा चालवावा.

स्वयंपाकाचा गॅस गाडीत ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो आणि टपावरचा पंखा त्याला बाहेर काढण्याच्या भरवशाचा नाही. त्यासाठी फरशीच्या पातळीवर वेगळे भोक हवेच. गळतीचा वास आला तर पंख्याच्या बटणाला हात न लावता आधी दारे उघडावीत आणि सिलेंडर बंद करावा, कारण बटणाची ठिणगीही पुरेशी असते. तसेच शेगडी पेटलेली असताना खिडक्या बंद ठेवून पंखा चालवू नये. आत ओढ निर्माण होऊन ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वाढतो.

पत्रा कापण्याआधी आणि कापताना

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून भोक पाडण्याच्या आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. काम झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

टपाच्या खाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांवरच टपाची ताकद उभी असते. माप बरोबर मध्यावर यावे या हट्टापायी पट्टी कापली की टप लचकू लागतो, आणि लचकणाऱ्या टपावर कोणतेही सीलंट टिकत नाही. आतले अस्तर उतरवून पट्ट्या आणि दिव्यांच्या वायरी प्रत्यक्ष पाहाव्यात, पुठ्ठ्याचा साचा दोन्ही बाजूंनी लावून पाहावा आणि मगच आतून चारही कोपऱ्यांत बारीक भोके पाडून वर खुणा घ्याव्यात. भोक चार इंच मागे-पुढे झाले तरी चालते, पट्टी कापलेली चालत नाही.

कापण्यासाठी धातूचे बारीक दात्यांचे पाते लावलेला जिगसॉ वापरावा. तालुक्याच्या ठिकाणी वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडर लगेच हातात घेतला जातो. त्याने काम पाच मिनिटांत होते हे खरे, पण त्याच्या तप्त ठिणग्या टपाच्या रंगात आणि समोरच्या काचेत रुततात, कडेचा रंग जळतो आणि आतल्या इन्सुलेशनला आग लागण्याचीही भीती असते. जिगसॉचाही लोखंडी किस टपावर पडतोच. तो हाताने झटकून जागेवरच राहिला तर पहिल्या ओल्या रात्रीनंतर टपावर तपकिरी ठिपके उमटतात आणि मालकाला वाटते की रंगच खराब होता. कापण्याआधी टपावर जुनी चादर टेपने चिकटवावी, आत भोकाखाली पोते धरावे आणि शेवटी चुंबक फिरवून किस गोळा करावा.

कापलेली कड हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासच जाड असतो आणि कापलेल्या जागी त्यावर कोणतेही संरक्षण उरत नाही. कानशीने कड गुळगुळीत करावी, झिंक प्रायमरचे दोन हात द्यावेत, त्यावर रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. ओल्या रंगावर सीलंट लावले तर ते पत्र्याला न चिकटता रंगाला चिकटते आणि रंगासकट निघून येते.

सीलंट: ज्यावर सगळा पावसाळा अवलंबून असतो

हार्डवेअरच्या दुकानात मागितले की हातात पडते ते साधे सिलिकॉन, व्हिनेगरसारख्या वासाचे. ते बाथरूमच्या काचेसाठी ठीक आहे. उघड्या पत्र्याला मात्र त्यातले आम्ल गंज आणते, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे दुसरे कोणतेही सीलंट धड चिकटत नाही. फ्लँजच्या, म्हणजे पंख्याच्या टपावर टेकणाऱ्या सपाट कडेच्या, खाली ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) आणि वरून, स्क्रूच्या डोक्यांसकट, टपासाठी बनवलेले लवचिक सीलंट, हीच जोडी योग्य आहे. ते सीलंट फ्लँजच्या प्लास्टिकला चालते का, हे पंख्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आपल्याकडच्या बहुतेक व्हॅनच्या टपावर उंचवट्यांच्या रेघा असतात. सपाट फ्लँज त्यांवर ठेवली की रेघांच्या मधल्या खळग्यांत फट राहते. ही फट एकाच जाड सीलंटच्या थराने भरण्याचा प्रयत्न फसतो, कारण बाहेरून साल धरते आणि आत ते कच्चेच राहते. खळगे आधी ब्युटाइलच्या पट्ट्या कापून रेघांच्या उंचीपर्यंत भरावेत आणि मग सलग एक चौकट फिरवावी. तिचा जोड कोपऱ्यावर घेऊ नये, आणि तो पुढच्या बाजूलाही घेऊ नये, कारण धावत्या गाडीत पावसाचा मारा तिकडूनच होतो.

विदर्भातल्या उन्हाचा इथे वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात दुपारी टपाच्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर ब्युटाइल पातळ होऊन कडेने ओघळते, सफाईसाठी लावलेले स्पिरिट पुसण्याआधीच उडून जाते आणि सीलंट पसरण्याआधी त्यावर साल येते. हे काम पहाटे उजाडताच, गाडी सावलीत लावून करावे. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत, आणि ब्युटाइल चहूबाजूंनी सारखे बाहेर डोकावले की थांबावे. एका दमात पूर्ण आवळले तर फ्लँजला भेगा जातात. ऊन-सावलीने ब्युटाइल बसते, म्हणून आठवडाभराने स्क्रू पुन्हा हलकेच आवळून मगच वरचे सीलंट द्यावे. घाईत हा आठवडा वगळला जातो, आणि गळणाऱ्या गाड्यांमध्ये हेच कारण वारंवार सापडते.

वायर, फ्यूज आणि व्होल्टेज

मोठ्या मिनीबसवर व्हॅन बांधली असेल तर आधी बॅटरीची व्यवस्था तपासावी. अशा काही गाड्या २४ व्होल्टच्या असतात आणि १२ व्होल्टचा पंखा त्यांना थेट जोडला तर त्याचे सर्किट जळते. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणे हा उपाय नव्हे, त्याने दोन्ही बॅटऱ्यांचा तोल बिघडतो. त्यासाठी २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टरच लावावा.

बारीक वायर ही दुसरी चूक. बॅटरीपासून पंख्यापर्यंत सहा मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर वायर होते. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाच अँपिअरला एक व्होल्टहून अधिक घट होते आणि पंखा पूर्ण वेग घेत नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते. फ्यूज पंख्याजवळ न बसवता बॅटरीच्या धन टोकाजवळ बसवावा, कारण तो मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकाच्या कडेने वायर कापू नये म्हणून रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, घालावा.

रस्त्यावर असताना

झाकणाची बिजागरी गाडीच्या पुढच्या तोंडाला यायला हवी, म्हणजे चुकून झाकण उघडे राहिले तरी वारा ते दाबून धरतो. उलट बसवलेले झाकण समृद्धी महामार्गाच्या वेगात उखडून जायला वेळ लागत नाही. पांदण रस्त्याने जाताना पंखा हवा बाहेर काढण्यावर ठेवू नये. आत ओढ निर्माण होऊन मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत येते आणि बिछान्यावर तिचा थर बसतो. चिखलदऱ्याला किंवा मेळघाटात गाडी उभी करणाऱ्यांनी वानरांचाही विचार करावा. उन्हाने कडक झालेले प्लास्टिकचे झाकण एका उडीने फुटू शकते, म्हणून त्यावर कडक आवरण बसवून घ्यावे.

बिघाड शोधताना

पाणी जिथे टपकते तिथेच गळते असे समजू नये. यवतमाळकडच्या एका गाडीत पाणी चालकाच्या डोक्यावर पडत होते आणि समोरच्या काचेचे रबर बदलूनही फरक पडला नव्हता. अस्तर उतरवल्यावर दिसले की मागच्या पंख्याच्या एका स्क्रूतून आलेले पाणी टपाच्या कडेच्या पन्हाळीतून, गाडी उताराला उभी असल्यामुळे, पुढे वाहत येत होते. त्या पन्हाळीतल्या धुळीवर त्याची ओली रेघ स्पष्ट उमटली होती. शोध घेताना अस्तर काढून पत्र्यावर आतून खडूची पूड चोळावी आणि बाहेरून पाण्याची नळी आधी खालच्या कडेला, मग बाजूंना आणि शेवटी वरच्या कडेला, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे धरावी. एकदम सगळीकडे पाणी मारले तर काहीच कळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसताना सकाळी पंख्याच्या चौकटीवर थेंब दिसले तर ती गळती नसून श्वासातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन साचलेली असते. सीलंटचा आणखी एक थर देऊन ती थांबत नाही. रात्रभर पंखा अगदी मंद ठेवावा आणि एक खिडकी बोटभर उघडी असावी.

पंखा फिरतच नसेल तर आधी झाकण पूर्ण उघडले आहे का ते पाहावे, कारण अनेक पंख्यांत झाकण बंद असताना मोटर सुरू होत नाही. पावसाचा सेन्सर असलेल्या पंख्यात त्यावर पक्ष्यांची विष्ठा किंवा चिखल वाळला तर झाकण कोरड्या दिवशीही मिटते. त्यानंतर फ्यूज, आणि मग मल्टिमीटरने पंख्याच्या टोकांवर, पंखा चालू स्थितीत ठेवून, व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर साडेबारा आणि पंख्याशी अकरा दिसले तर दोष वायरीत किंवा रंगावर आवळलेल्या अर्थिंगमध्ये आहे. पंखा फिरतो पण हवा खेचत नाही, अशी तक्रार सोयाबीनच्या मळणीनंतर आणि कापूस वेचणीच्या दिवसांत फार येते. तेव्हा जाळी काढून धुवावी, तिच्यावर भुसा आणि तंतू यांचा नमदा झालेला असतो. पात्यांवर एका बाजूला धूळ चिकटली तर पंखा थरथरतो आणि तो आवाज बेअरिंगचा वाटतो, म्हणून मोटर बदलण्याआधी पाती ओल्या फडक्याने पुसून पाहावीत.

गळती सापडली की त्यावर पत्र्याच्या छपरासाठी मिळणारी चंदेरी टेप चिकटवण्याचा मोह होतो. प्रवासात रात्र काढायला ती ठीक आहे, पण तिच्याखाली अडकलेले पाणी कडेचा पत्रा आतून खाते. पावसाची उघडीप मिळताच स्क्रू काढावेत, फ्लँज प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवावी, जुने सिलिकॉन असेल तर ते खरवडून बोटाला गुळगुळीत लागणारा शेवटचा थरही स्पिरिटने आणि सिलिकॉन काढण्याच्या द्रावणाने घालवावा, गंज कानशीने घासून काढून पुन्हा प्रायमर द्यावा आणि नवीन ब्युटाइलवर पंखा परत बसवावा. जुन्या स्क्रूंची भोके सैल झाली असतील तर त्याच जागी जाड स्क्रू न ठोकता आतून लाकडी चौकट द्यावी, म्हणजे स्क्रूला धरायला पत्र्यापेक्षा भक्कम आधार मिळतो.